पूर्वेकडे ठेवलेली पिशवी

नल्लकुंट्याच्या रस्त्याकडेला मुंजलांचे ढीग दिसायला लागले की माझे पाय घरात ठरत नाहीत. मुंजल म्हणजे ताडगोळे. पण आमच्या घराण्याला उदगीरकडून हैदराबादेत येऊन इतकी वर्षं झाली, की ताडगोळा मी फक्त पुस्तकात वाचला आणि खाल्लं ते मुंजलच. विकणारा कोयत्याचा घाव घालतो, अंगठ्याने आतला लिबलिबीत गर काढतो आणि पानावर ठेवून पुढे करतो. मी उभ्या उभ्या खाते आणि घरी जायचं सोडून विद्यानगरच्या बाजूला उगीच चालत सुटते. काम काही नसतं. नोकरी बरी चाललेली असते, घरात कुणी आजारी नसतं, तरी जीव थाऱ्यावर नसतो. "लागली का पायाला भिंगरी?" आई विचारते, आणि मग तीच म्हणते, "मे महिना आला म्हणायचा."

एका मे महिन्याने मला ही खोड लावून दिली. एम.ए.चं पहिलं वर्ष तेव्हा नुकतंच संपलं होतं. तारनाक्याच्या बसमध्ये लोंबकळत मी विद्यापीठात जायची आणि तशीच परत यायची. माझं सगळं जग त्या दोन थांब्यांच्या मध्ये होतं. त्या वर्षी आमच्या विभागाने काही विद्यार्थ्यांना व्हिएतनामला पाठवायचं ठरवलं. महिनाभराचा मामला. सकाळी तिथल्या कॉलेजात आपण शिकायचं आणि दुपारी गावातल्या लोकांना इंग्रजी बोलायचा सराव द्यायचा. त्यात विद्यार्थी असतील, दुकानदार असतील, कुणी नोकरी शोधणारे असतील. यादीत माझं नाव लागलं त्या दिवशी मी बसमधून एक थांबा आधीच उतरले आणि घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

आनंद रात्रीपुरताच टिकला. सकाळी भीतीने गाठलं. माझ्या इंग्रजीने कुणाला सराव द्यायचा? ज्या घरात "अगं, ते पालपॅकेट फ्रिजमध्ये रख, नाही तर खराब होईल" हे एक सरळ वाक्य समजलं जातं, त्या घरातली मी. दुधाला तेलुगू, ठेवायला उर्दू आणि उरलेल्याला मराठी. इंग्रजी मला येत होती, मार्क बरे पडत होते. पण ती परक्या घरातल्या पाहुण्यासारखी अंग चोरून बसलेली असायची. शिवाय दुसरा दोष त्याहून मोठा होता. मला थांबता येत नाही. समोरचा माणूस शब्दासाठी अडला की त्याच्या तोंडात मी माझा शब्द कोंबते. आमच्याकडे सगळेच असे. कुणाचं वाक्य कुणी पूर्ण करायचं याची घरात चढाओढ असते, आणि त्याला आम्ही माया समजतो.

तयारीच्या वर्गात आमच्या मॅडमनी नेमकं याच्यावर बोट ठेवलं. "तुम्ही तिथे शिकवायला जात नाही आहात," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकायला जात आहात. समोरचा अडेल. अडू द्या. शब्द त्याचा त्याला सापडू द्या. तुमच्या तोंडाला कुलूप." मागून कुणीतरी म्हणालं, मेधाला कुलूप नाही, शटर लागेल. सगळे हसले, मीही हसले. आणि बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, आपल्याला जमायचं नाही.

घरी दुसरंच महाभारत. विमान शनिवारचं होतं. आईने पंचांग उघडलं आणि कपाळाला हात लावला. शनिवारी पूर्वेला दिशाशूल.

"आई, विमानाला कुठला दिशाशूल?"

"विमानाला नाही. तुला लागतो."

त्यावर तोडगाही पंचांगातच होता. ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असेल, तर चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आपल्या सामानातलं थोडंसं काही, जायच्या दिशेला असलेल्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. तेवढं केलं की प्रवास चांगल्या मुहूर्तावर सुरू झाला असं धरतात. मग आपण मागाहून कधीही निघावं, पण निघायचं त्या घरावरून. बाबांनी काही न बोलता फोनमधलं होकायंत्र लावून दिलं. आमच्या गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला, वळणावरच्या इमारतीत निर्मलाकाकूंचा फ्लॅट होता. व्हिएतनाम त्याच अंगाला आहे हे ठरलं.

आईने गुरुवारी सकाळी पलंगावरची कापडी पिशवी उचलली, त्यात सुपारी आणि मूठभर तांदळाची पुरचुंडी टाकली आणि काकूंकडे ठेवून आली. पिशवीत माझा एक ड्रेस होता, आणि ड्रेसखाली मी रात्री नीट लावून ठेवलेले सरावाचे सगळे कागद होते. कशावर बोलायचं, कसं विचारायचं, कुठली चित्रं दाखवायची, सगळं त्यात. मी आंघोळ करून येते तर पलंग रिकामा.

"घेऊन येते," मी म्हणाले.

"ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणतात का कुठे?" आई दारात आडवी उभी राहिली. "वाचायचंय तर तिथं बसून वाच. काकू काय खायला उठणारेत तुला?"

त्यात व्हिसा लांबला. तिकिटाची तारीख पुढे ढकलली, नवी तारीख कुणालाच सांगता येईना. रोज सकाळी उठून मी फोनवर मेल बघायची, दात घासून पुन्हा बघायची. सूटकेस भरायची, रिकामी करायची. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," आई येता-जाता म्हणायची. माझी पिशवी परदेशी निघालेली आणि मी मात्र नल्लकुंट्यात पालपॅकेटं आणत फिरते आहे, असा तो काळ होता. घरात बसलं की वाटायचं आपण इथे नसायला हवं. बाहेर पडलं की वाटायचं मेल आला असेल. मग पाय आपोआप पूर्वेकडे वळायचे.

निर्मलाकाकू आमच्याच बाजूच्या. नांदेडजवळच्या एका शेतकरी घरातून लग्न होऊन इथे आलेल्या. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यापासून एकट्या राहायच्या. मुलगा महेशदादा पुण्यात आयटीत. त्यांच्या हॉलमध्ये वाळ्याच्या ताट्यांचा जुना कूलर घरघरायचा, आणि आत शिरलं की त्या ओल्या वाळ्याचा वास थेट डोक्यात चढायचा. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा जमिनीवर जुनी धुवट साडी पसरलेली होती आणि तिच्यावर कैरीच्या फोडींचा डोंगर. आवकाय लोणच्यासाठी बाजारातून बाठीसकट फोडून आणलेल्या. प्रत्येक फोड कोरड्या फडक्याने पुसायची, आतलं पातळ साल काढायचं. पाण्याचा अंश राहिला तर वर्षाचं लोणचं नासतं. काकूंनी एक फडकं माझ्याकडे टाकलं.

"कागद वाचायलीस तर वाच. पण हात रिकामे नक्को ठेवू."

मी कागद चाळत होते, फोडी पुसत होते, मध्येच फोन बघत होते. काकू म्हणाल्या, "इतकं काय लिहिलंय त्यात?" मी सांगितलं. मग गंमत म्हणून म्हटलं, "काकू, तुम्हीच व्हा ना माझे विद्यार्थी." मला वाटलं हसतील आणि सोडून देतील. त्या हसल्या, पण म्हणाल्या, "हौ. विचार काय विचारायचं ते."

"व्हॉट डिड यू ईट टुडे?"

काकूंनी फोड पुसली. बाजूला ठेवली. दुसरी घेतली. कूलर घरघरत राहिला. माझ्या जिभेच्या टोकावर पाच-सहा शब्द रांग लावून उभे होते आणि मी दात आवळून बसले होते. शेवटी काकू म्हणाल्या, "टुडे आय ईट पप्पू." पप्पू म्हणजे वरण. मग जरा विचार करून म्हणाल्या, "गुड पप्पू."

असं सुरू झालं. काकू गल्लीतल्या लोकांसाठीही लोणचं घालायच्या, त्यामुळे दोन-चार दिवसांआड फोडींची नवी खेप यायची. काकूंची इंग्रजी रेल्वेची होती. यजमानांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यांनी मनात डब्यासारखे जोडून ठेवले होते: ड्यूटी, ट्रान्स्फर, क्वार्टर, लीव्ह, लेट. त्या म्हणायच्या, "माय हजबंड नाइट ड्यूटी. आय किचन ड्यूटी. नो लीव्ह." मी हसून लोळायची, पण वाक्य दुरुस्त करायची नाही. मॅडमची आज्ञाच होती, आणि खरं सांगायचं तर दुरुस्त करण्यासारखं त्यात मला काही सापडतही नव्हतं.

एकदा मी विचारलं, "काकू, तुम्हाला लाज नाही वाटत चुकायची? मला तर अजून वाटते."

"इंग्रजीत चुकले तर कोण हसायलंय? ती काय माझ्या मायची भाषा आहे?" त्या म्हणाल्या. मग फडकं झटकत हळूच पुढे बोलल्या, "लाज वाटती ते मराठीत चुकायची. पुण्यात."

आणि मग ते कळलं. महेशदादाला हा फ्लॅट विकायचा होता. आई एकटी राहते, उद्या काही झालं तर कोण धावेल, हे त्याचं म्हणणं. आणि ते चुकीचंही नव्हतं. गिऱ्हाईक तयार होतं. महिनाअखेरीला तो येणार होता, काकूंनी हो म्हटलं की सह्या. काकू नुसत्या "बघू" म्हणत होत्या. आमच्या हैदराबादेत माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. बघू म्हणतो, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. पण महेशदादाला पुण्यात इतकी वर्षं झाली होती, की बघू म्हणजे हो, असंच त्याने धरलं होतं.

"वाईट नाहीत बाई तिथं कुणी," काकू म्हणाल्या. "सून सोन्यासारखी. पण मी 'पाणी नक्को' म्हणलं की नातू म्हणतो, आजी, 'नको' म्हणतात. मी 'कुठं जायलीस' विचारलं की सुनेच्या मैत्रिणी तोंड फिरवून हसतात. लाडानं हसतात, कळतंय मला. पण मग मी बोलायचीच बंद होते. गेल्या खेपेला दोन महिने राहिले तिथं. परत आले तर माझाच आवाज मला ऐकू येईना."

मी मान डोलावत फोड पुसत राहिले. मनात तर उलटंच काहीतरी चाललं होतं. पुणं! मला कुणी पुण्याला ये म्हटलं असतं तर मी पिशवी न घेताच गाडीत बसले असते. जायला मिळत असताना कुणी राहायचं म्हणतं, हे माझ्या त्या वयाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी निघण्यासाठी तडफडत होते, त्या राहण्यासाठी. आणि आम्ही दोघी एकाच साडीवर बसून फोडी पुसत होतो.

माझ्या कागदांत एक धडा होता, सहमती आणि असहमतीचा. समोरच्याचं पटलं नाही तर सभ्यपणे कसं सांगायचं. मी तो आधी मुद्दाम टाळला, मग मुद्दाम काढला. "काकू, मी काहीतरी देऊ करते, तुम्ही नाही म्हणा. वुड यू लाइक सम टी?"

"यस."

"नाही म्हणायचंय, काकू."

"चहाला कशी नाही म्हणू ग?"

कॉफी झाली, सरबत झालं, बस झाली, रिक्षा झाली. काकू प्रत्येकाला मनापासून यस म्हणत होत्या. समोरच्याचं मन मोडायचं नाही हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. शेवटी मी चिडून म्हटलं, "वुड यू लाइक टु सेल धिस हाउस?"

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, मोटरचा कोरडा आवाज येत होता. काकूंच्या हातात फोड तशीच राहिली. मला वाटलं आपण फार बोललो. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि मॅडमच्या त्या कुलपाची आठवण होऊन मिटलं.

"नो," काकू म्हणाल्या. खूप हळू. मग जरा मोठ्याने, "नो, थँक यू." मग त्या उठल्या, आत गेल्या आणि कूलरसाठी पाण्याची बादली घेऊन आल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा कोवळ्या पोरीसारखा झाला होता. त्या दिवसापासून सरावाला बसलं की त्या आधी तेच मागायच्या. "विचार ग ते घराचं." मी विचारायची, त्या नो म्हणायच्या, दर वेळी आधीपेक्षा थोड्या सरळ बसून.

कधीकधी वाटतं, व्हिएतनामची माझी खरी तयारी तिथेच झाली. तिकडे एक शिवणकाम करणारी बाई माझ्यासमोर रोज दुपारी यायची. पहिल्या दिवशी तिने नाव सांगितलं आणि तिचे शब्दच संपले. हातातला रुमाल ती घडी घालत होती, उलगडत होती. शेजारच्या टेबलावर माझा वर्गमित्र त्याच्या माणसाला भराभर शब्द पुरवत होता. मी मात्र बसून राहिले. माझ्यासारखी बाई, जी कुकरच्या शिट्टीचीही वाट बघू शकत नाही, ती बसून राहिली. आणि बऱ्याच वेळाने त्या बाईने मला तिच्या मुलीबद्दल सांगायला सुरुवात केली. तिचं वाक्य कुठल्याच व्याकरणात बसणारं नव्हतं, पण मुलगी मला पूर्ण दिसली.

पण ते सगळं नंतरचं. मेल आला तो एका रटाळ दुपारी, मी गॅसवर दूध बघत असताना. व्हिसा झाला होता. दूध उतू गेलं, आईने ओट्यावरून ते पुसता पुसता डोळेही पुसले आणि मला रागावलीही. नवं तिकीट काढलं, ते शुक्रवारचं मिळालं; शुक्रवारी पूर्वेला दिशाशूल नसतो. आईने तरी सोडलं नाही. प्रस्थान ठेवलंय तर निघायचं त्या घरावरूनच. म्हणून टॅक्सी काकूंच्या दारात बोलावली.

आई आणि मी त्यांच्या हॉलमध्ये पोचलो तर महेशदादा आलेला. सकाळच्या गाडीने आला होता, संध्याकाळी गिऱ्हाइकाला भेटायचं होतं. मला बघून तो मनापासून खूश झाला, कुठे चाललीस, काय करणार, सगळं विचारलं. मग चहाचा कप खाली ठेवता ठेवता, अगदी सहज, काकूंना म्हणाला, "मग आई, संध्याकाळी हो सांगून टाकू ना त्यांना?"

काकू गप्प.

माझ्या आईला अशी शांतता सोसत नाही. "बघतील की त्या," ती म्हणाली. महेशदादा हसून म्हणाला, "अहो, तिचं बघू म्हणजे होच." दोघांनी मिळून काकूंचं उत्तर देऊन टाकलं होतं. मी काकूंकडे बघत होते आणि मनात ते सरावाचं वाक्य म्हणत होते. मला खात्री होती की त्या इंग्रजीत बोलणार, महेशदादा चकित होणार, आणि मी टॅक्सीत बसेपर्यंत हसत राहणार.

काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नाही," त्या म्हणाल्या. "घर विकायचं नक्को."

इंग्रजी नव्हतंच ते. त्यांचं स्वतःचं, नांदेडचं आणि नल्लकुंट्याचं मराठी, त्या जोडाक्षरावर चांगला जोर देऊन. महेशदादाने कप पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "अगं आई, पण तू तर..."

"थांब, महेश. माझं बोलणं झालं नाही अजून."

त्याच वेळी माझा फोन वाजायला लागला. टॅक्सीवाला खाली आला होता. आईने डोळ्यांनी खुणावलं, ऊठ. मी फोनचा आवाज बंद केला. काकू शब्द शोधत होत्या. त्यांच्या आयुष्यभराच्या भाषेत, जिच्यात त्यांना एवढी जागा कुणी कधी दिलीच नव्हती. महेशदादाचे ओठ हलले. मी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि तो, का कोण जाणे, थांबला. आईसुद्धा थांबली.

"तू काळजीनं म्हणायलास, मला कळतंय," काकू सावकाश म्हणाल्या. "मला पडायला झालं तर ही गल्ली आहे. तिकडं मी उभी असले तरी मुकी आहे. इथं मी सगळ्यांशी बोलती रे. तू ये. सुनेला आण, पोराला आण, लई दिवस राहा. पण मला न्यायला म्हणून येऊ नक्को."

खालून हॉर्न वाजला. कुणीही उठलं नाही. महेशदादा कप बाजूला सारून म्हणाला, "बरं."